चौकटीतली पाठमोरी

१

स्वरूपाला डाग खपत नसे. हा तिचा मूळचा स्वभाव की नोकरीने लावलेली खोड, हे तिच्या नवऱ्याला, वरदला, लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलेलं नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे बंपर रंगून यायचे आणि स्वरूपा ते पांढऱ्याधोप दिव्यांखाली तपासायची. रंगात धुळीचा कण अडकलाय, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलंय, पॉलिश करणाऱ्याचा हात उलटा फिरलाय, सगळं तिला लांबूनच दिसायचं. कुणाकडे जेवायला गेली तरी नजर आधी त्यांच्या फ्रिजच्या दारावर. "अगं, आपण जेवायला आलोय, इन्स्पेक्शनला नाही," असं वरद तिच्या कानात पुटपुटायचा.

सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि रजा संपत आली होती. लेक सुखदा पाच महिन्यांची. तिला सासूबाईंच्या हवाली करून भल्या पहाटे कंपनीची बस गाठायची, हा विचारही स्वरूपाला नकोसा व्हायचा. अशात देव पावला म्हणावं तसं ते काम चालून आलं.

रजेत हाताला चाळा म्हणून ती जुन्या चित्रकथांची पानं कॉम्प्युटरवर घेऊन नव्याने रंगवायची आणि नेटवर टाकायची. चिंचवडला छोटं प्रकाशन चालवणाऱ्या शुभदाताईंनी ती पाहिली. पन्नासेक वर्षांपूर्वी पिंपरीच्या एका कारखान्याचं स्वतःचं मासिक निघायचं. त्याच्या शेवटच्या पानावर कामगारांच्या मुलांसाठी 'झिपरी' नावाच्या अवखळ पोरीची चित्रकथा यायची. कारखाना बंद पडला, मासिक गेलं, चित्रं काढणारे उद्धवरावही गेले. तीच झिपरी नव्या रंगांत, दिवाळीला पुस्तक म्हणून आणायचं शुभदाताईंच्या मनात होतं.

"हे एक झकास जमव. मग पुढची सगळी पुस्तकं तुझी. घरी बसून कर, लेकीला मांडीवर घेऊन कर!" शुभदाताई म्हणाल्या.

फोन ठेवून स्वरूपाने सुखदाला उचललं आणि घरभर नाचली. चाकणची बस आता तिच्याशिवाय सुटणार होती!

२

मासिकाचे अंक उद्धवरावांच्या मुलीकडे, कुरुळीला होते. विजयश्रीबाई साठीच्या. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत, त्यामुळे दिवसभर घरात त्या एकट्या. त्यांनी स्वरूपापुढे पोह्यांची ताटली ठेवली आणि कपाटातून फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला.

"बाबा कंपनीत पाट्या रंगवायचे. गाड्यांवरचे नंबर, 'सावधान'च्या पाट्या. आन् जेवणाच्या सुट्टीत ही झिपरी काढायचे," त्या म्हणाल्या. "झिपरी म्हंजे मीच की. आशीच झिपऱ्या पिंजारलेली असायची मी."

स्वरूपा हसली, पण तिचं लक्ष बाईंच्या गालाकडे होतं. उजव्या गालावर काळा ठिपका होता. आधी तिला तीळ वाटला. मग तिच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. तीळ नव्हे, काजळ. त्याची कड पुसटलेली. वरून खाली, कानाच्या दिशेला, अंगठ्याच्या एका फटक्यात. आणि हात समोरून फिरलेला. स्वतःचा गाल स्वतः पुसताना अंगठा असा फिरत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाचाच फिरतो. पण घरात तर दुसरं कुणीच नव्हतं. साठीच्या बाईला तीट लावायची हौस, आणि ती पुसायची हौस आणखी कुणाला तरी! स्वरूपाला गंमत वाटली, पण विचारायचं कसं म्हणून तिने पोहे संपवले.

"न्या. पर जपून बरं का," गठ्ठा देताना विजयश्रीबाई म्हणाल्या. "जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या."

रंग बदलायला नेत असलेल्या माणसाला असं सांगायचं म्हणजे कमालच. स्वरूपाने मान डोलावली आणि स्कूटरच्या डिकीत गठ्ठा ठेवून घरचा, भोसरीचा रस्ता धरला.

३

काम सुरू झालं आणि स्वरूपाला दिवस पुरेना.

जुन्या छपाईत मोजके रंग आणि तेही रेषेत न बसलेले. झिपरीच्या फ्रॉकचा लाल फ्रॉकाबाहेर सांडलेला, आभाळाचा निळा तिच्या नाकावर चढलेला. स्वरूपा आधी पान स्कॅन करायची, मग धुऊन काढल्यासारखं स्वच्छ करायची, मग नवे रंग भरायची आणि शेवटी ऊन-सावली द्यायची. हा शेवटचा भाग म्हणजे निव्वळ आनंद. सपाट झिपरीच्या गालावर सकाळचं ऊन पडलं की पोरगी कागदातून वर उठायची. स्वरूपा एकटीच खुर्चीत बसून "अगं बाई! अगं बाई!" करायची.

सासूबाई कुसुमताई लातूरकडच्या. त्या सुखदाला न्हाऊमाखू घालून, गालावर तीट लावून आणायच्या आणि स्क्रीनपुढे थबकायच्या.

"काय रंग हायत गं! लेकरू जित्तं वाटायलंय. आता उडी मारून बाहीर येतंय बघ."

इंद्रायणीनगरातल्या त्यांच्या बिल्डिंगमागे पत्रे कापणाऱ्या पॉवर प्रेसची शेड होती. दिवसभर धाड, धाड असा ठोका फरशीतून पायाला जाणवायचा. नव्या माणसाचं डोकं उठेल, पण सुखदा त्याच तालावर झोपायची. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, प्रेस बंद, की ही बया दिवसभर टक्क जागी.

प्रत्येक पानावर मागे कुठेतरी एक बाई असायची. नळावर, बसथांब्यावर, कारखान्याच्या गेटापाशी, जत्रेत. डोक्यावर पदर, कायम पाठमोरी. गर्दी भरायला चित्रकार काढतात तशी. छपाईत ती विटकरी होती. स्वरूपाने तिला खास रंग दिला. कारखान्यात एकदा नमुन्याला एक रंग आला होता. मोरपंखी, आत जांभळी झाक, उन्हात एक दिसणारा आणि दिव्याखाली दुसराच. कंपनीने तो नापास केला आणि तो कुठल्याच गाडीवर लागला नाही. स्वरूपाच्या मात्र डोळ्यांत बसला होता. तिने तो आठवून आठवून बनवला आणि त्या बाईला नेसवला.

आणि डाग? डाग ढिगाने होते. जुना कागद, त्यावर शाईचे शिंतोडे, धूळ, माश्यांची घाण. कॉम्प्युटरवर एक टिचकी मारली की डाग गायब. काही डाग जरा गोलसर, जरा जास्तच काळे होते. झिपरीच्या गालावर, कानामागे, कधी तळपायावर. दर चौकटीत एकतरी. तेही तिने टिपून टिपून काढले. एकही डाग राहता कामा नये!

४

जत्रेचं पान पूर्ण झालं त्या संध्याकाळी वरद फर्स्ट शिफ्ट करून घरी आलेला. स्वरूपाने त्याला ओढतच स्क्रीनपुढे आणलं.

"मस्त," तो म्हणाला. "ही कानातल्यावाली कोण?"

"कुठली कानातल्यावाली?"

त्याने मागच्या मोरपंखी बाईवर बोट ठेवलं. पदराच्या कडेतून तिचा कान दिसत होता. कानात बुगडी.

स्वरूपाने तो कान काढलेला नव्हता. तिने मूळ अंक उघडला. छापील पानावर बाई पूर्ण पाठमोरी होती, नुसता पदर.

"अगं, तुझं ते सॉफ्टवेअर," वरद चहा ओतत म्हणाला. "डाग पुसला की तिथे काय असेल ते अंदाजाने भरतं ना? भरला असेल कान. हल्लीची सॉफ्टवेअरं आगाऊच."

पटण्यासारखं होतं. फक्त डाग पुसला होता झिपरीच्या गालावरचा, आणि बाई उभी होती पानाच्या पार दुसऱ्या टोकाला. पण बुगडी इतकी नाजूक उतरली होती की पुसायचं स्वरूपाच्या जिवावर आलं. राहू दे म्हणाली.

५

पुढच्या पानावर गाल दिसला. त्याच्या पुढच्या पानावर नाकाचं टोक.

स्वरूपा खुर्चीतून उठून उभी राहिली. भीती? छे! तिला आनंदाने काय करू नि काय नको झालं. उद्धवराव, काय हो तुम्ही! पाट्या रंगवणाऱ्या या माणसाने पानापानांतून एक गंमत लपवली होती. बाई हळूहळू वळत होती! घाणेरड्या छपाईखाली जे कुणालाच दिसलं नव्हतं, ते आज, इतक्या वर्षांनी, स्वरूपाला दिसत होतं. शेवटच्या पानावर ती पूर्ण वळणार. शेवटच्या पानावर तोंड दिसणार!

"शुभदाताई, पुस्तकाच्या मागे छापा की मुलांनो, बाईला शोधा म्हणून!" तिने फोनवर ओरडूनच सांगितलं. शुभदाताईही खूश. त्यांनी तिथल्या तिथे पुढच्या पुस्तकाचंही पक्कं करून टाकलं.

शंका आली नाही असं नाही. मूळ अंकात रेघ नसताना नाक आलं कुठून, हे तिने दोनदा पडताळून पाहिलं. भिंग लावून पाहिलं. छापील बाई पाठमोरी ती पाठमोरीच. मग तिने स्वतःची समजूत घातली. आपण ऊन-सावली देतो ना, सपाट पदरावर सावली पडली की डोळ्याला गाल भासतो. कारखान्यात नाही का, सरळ बंपरवर दिव्याच्या पट्टीमुळे पोचा दिसायचा? डोळे दमले की असं होतंच. पण बुगडी कशी भासेल, या प्रश्नापाशी ती थांबायची आणि पुढचं पान उघडायची. कारण खरं सांगायचं तर तिला उत्तर नको होतं, तिला तोंड बघायचं होतं. ती जेवण विसरायला लागली. झरझर डाग पुसायचे आणि पाठोपाठ मागच्या कोपऱ्याकडे बघायचं, हा नादच लागला.

त्याच दिवसांत सुखदा खुदुखुदु हसायला शिकली. दुपट्यावर पडल्या पडल्या, कुणी खेळवत नसताना.

"सटवाई हसवायलीय तिला," कुसुमताई कौतुकाने म्हणायच्या.

"आई, सटवाई झोपेत हसवते ना? ही जागी आहे."

"मग जागेपणी हसवायलीय," म्हणून त्या मटार सोलत बसायच्या.

६

गुरुवार उजाडला. प्रेस बंद. फरशी गप्प. कुसुमताई भाजीला आणि तिथून देवळात गेल्या, वरदच्या कंपनीची सुट्टी रविवारची, तो कामावर. शेवटचं पान तेवढं उरलं होतं.

सकाळीच शुभदाताईंचा फोन येऊन गेला. "मुखपृष्ठ नेटवर टाकतेय आज. तुझा आणि लेकीचा एक फोटो पाठव ना, चित्रापुढे बसलेला. लोकांना फार आवडतं."

स्वरूपाने सुखदाला नवं झबलं घातलं, स्क्रीनपुढे धरलं आणि मोबाइल वर केला. गालावर काळी तीट. फोटोत मोठी दिसत होती, डागासारखी. तिने ओल्या रुमालाने पुसून टाकली. गाल कसा लख्ख झाला! फोटो गेला, आणि पाहता पाहता लोकांचे बदाम आणि 'किती गोड', 'काय गोड पोरगी' सुरू झालं. स्वरूपाने सुखदाला मागे दुपट्यावर ठेवलं आणि शेवटचं पान उघडलं.

एकच मोठी चौकट. संध्याकाळ. झिपरी दमून आईच्या मांडीवर झोपलेली. मागे दार, दारात ती बाई, पाठमोरी. झिपरीच्या गालावर भलामोठा काळा डाग. स्वरूपाने श्वास रोखला. आदल्या पानावर तिला डोळ्याचा कोपरा दिसला होता. तिने डागावर टिचकी मारली आणि दाराकडे पाहिलं.

दारात कुणीच नव्हतं.

नुसता उंबरठा, पलीकडे ऊन. तिने छापील अंक घेतला. तिथे बाई होती, दारातच होती. स्क्रीनवर नव्हती. आणि मघाशी, डाग पुसण्याआधी, स्क्रीनवरही होती.

मागे सुखदा हसली.

"हो गं माझे राणी, झालंच," स्वरूपा मान न वळवता म्हणाली. तिच्या काळजात धडधड सुरू झाली होती, पण अजूनही ती उत्साहाचीच आहे असं तिला वाटत होतं. तिने कुरुळीला फोन लावला.

"विजयश्रीताई, तुमच्या बाबांनी केवढी गंमत लपवलीय माहितीये? ती मागची बाई! मी पानं स्वच्छ केली ना, डागबीग काढले, तर ती वळतेय हो! दर पानाला थोडी थोडी!"

पलीकडे पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

"कुठवर वळलीय?" विजयश्रीबाईंनी विचारलं.

"अं?"

"कुठवर? तोंड दिसलं का?"

"नाही. शेवटच्या पानावर ती... नाहीच आहे."

"ठिपके सगळे पुसले?"

"ते डाग... हो."

विजयश्रीबाईंनी आवाज अगदी खाली आणला. "घरात लेकरू हाय का गं?"

मागे सुखदा पुन्हा हसली, या वेळी मोठ्याने, कुणीतरी वाकून गुदगुल्या केल्यावर हसावं तशी.

"मग फोन ठिव," विजयश्रीबाई म्हणाल्या. "आन् आदी तिच्याकडं बग."

७

स्वरूपा वळली.

सुखदा दुपट्यावर उताणी होती. हातपाय झाडत हसत होती. आईकडे बघत नव्हती. तिची नजर सरळ वर होती, जवळ, एका हाताच्या अंतरावर. आपल्या अंगावर वाकलेल्या माणसाच्या तोंडाकडे मूल बघतं तिथे. ते तोंड स्वरूपाला दिसत नव्हतं. तिथे हवा होती, भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. आणि मग सुखदाची नजर हळूहळू सरकली, दाराच्या दिशेने, जाणाऱ्या माणसाच्या मागे जाते तशी. स्वरूपानेही तिकडे पाहिलं.

खोलीच्या दाराच्या चौकटीवरून लुगड्याचा काठ वळून पॅसेजमध्ये गेला. हातभरही नसेल. मोरपंखी, आत जांभळी झाक. तो रंग जगात कुठल्याच कापडाला नव्हता. तो तिने बनवला होता.

आपण किंचाळलो की नाही, हे स्वरूपाला नंतर कधीच आठवलं नाही. आठवतं ते एवढंच, की कुसुमताईंची काजळाची डबी फळीवरून खाली पडली, झाकण घरंगळत पलंगाखाली गेलं, आणि तिने बोट बुडवून सुखदाच्या गालावर ठिपका लावला. मग कपाळावर. मग तळपायांना. पोर रडायला लागली. तिला छातीशी घट्ट धरून ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली.

"अगं, दार सताड उघडं टाकून बसलीस व्हय?" कुसुमताई पिशव्या घेऊन आत आल्या. "आन् लेकराला काळं का फासलंस एवढं?"

दार स्वरूपाने उघडलं नव्हतं. सासूबाई गेल्यावर कडी तिने स्वतः लावली होती.

८

मूळ स्कॅन कॉम्प्युटरवर जपून ठेवलेले होते. स्वरूपाने एकेक ठिपका जिथल्या तिथे परत आणला, गालावरचा, कानामागचा, तळपायावरचा. दर पानावर बाई पाठमोरी झाली. ती फिरताना कधी दिसली नाही, पाहावं तेव्हा फिरलेलीच असायची. शेवटच्या पानावरही स्वरूपाने झिपरीच्या गालाला ठिपका लावला. दार रिकामंच राहिलं. तिने दोन दिवस वाट पाहिली आणि मग ते पान तसंच पाठवून दिलं.

पुस्तक गाजलं. "झिपरीला दर चौकटीत तीट! काय गोड सुचलंय तुला!" म्हणून शुभदाताईंनी कौतुक केलं आणि पुढची कामं हवाली केली. स्वरूपाने राजीनामा दिला. चाकणची बस खरोखरच तिच्याशिवाय सुटायला लागली. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि ती आनंदात होती, खोटं कशाला बोला. वरदला तिने काठाबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दाराला आणखी एक कडी बसवून दिली.

रोज सकाळी ती स्वतः सुखदाला तीट लावते. सासूबाईंवरही सोडत नाही.

दिवाळीनंतर कुसुमताई लातूरला गेल्या होत्या. गुरुवार होता, प्रेस बंद. दोन्ही कड्या लावलेल्या. स्वरूपा नव्या पुस्तकाचं पान रंगवत होती आणि सुखदा तिच्या पायाशी, हाताच्या अंतरावर, खुळखुळा चावत बसली होती. सकाळपासून घरात तिसरं माणूस नव्हतं. पोरीने मान वर केली, आईकडे पाहून हसली, आणि उजेड तिच्या गालावर पडला.

तीट पुसटली होती. सगळी नव्हे, फक्त कड. स्वरूपाला जवळ जाऊन बघायची गरज पडली नाही. वरून खाली, कानाच्या दिशेला, अंगठ्याच्या एका फटक्यात, समोरून.

तिला कुरुळीच्या विजयश्रीबाईंचा गाल आठवला. वय वर्षं साठ.

तिने खुर्ची मागे सारली, डबी उघडली, आणि लेकीच्या गालावर नवा ठिपका लावला.